हाताची घडी



माझा नातू अमेरिकेत कॉलेजला गेला. २०१३ च्या कायद्यामुळे तिथल्या कॉलेजांना नव्या मुलांसाठी लैंगिक अत्याचार रोखण्याबद्दलचा वर्ग घ्यावा लागतो. नातू फोनवर म्हणाला, "आजोबा, शेजारचा कृष्णवर्णीय मुलगा तासभर हाताची घडी घालून बसला होता. म्हणाला, हे शिकवतायत की संशय घेतायत, तेच कळेना."

मी इतिहासाचा मास्तर. मला ती घडी ओळखीची वाटली.

१९३१ साली अलाबामात मालगाडीतून जाणाऱ्या नऊ कृष्णवर्णीय पोरांवर दोन गोऱ्या मुलींनी बलात्काराचा आरोप केला. हा स्कॉट्सबरो खटला. सगळ्या गोऱ्या ज्यूरींनी आठ जणांना दोषी ठरवलं, शिक्षा फाशीची. पुढे १९३३ मध्ये त्यातल्या एका मुलीनेच कोर्टात सांगितलं, असं काही घडलंच नाही. फाशी टळली, पण पोरांची उमेदीची वर्षं तुरुंगात गेली. १९५५ मध्ये मिसिसिपीत चौदा वर्षांच्या एमेट टिलला गोऱ्या बाईची छेड काढल्याच्या नुसत्या आरोपावरून ठार मारलं. खटल्यात आरोपी निर्दोष सुटले.

हे घराघरांत सांगितलं गेलेलं. मग वर्गात कान बंद होणारच.

पण इतिहासाचं अर्धंच पान वाचून चालत नाही. १९४४ मध्ये अलाबामातच रेसी टेलर या कृष्णवर्णीय तरुणीवर गोऱ्या तरुणांनी सामूहिक बलात्कार केला. चौकशीला रोझा पार्क्स गेल्या होत्या. तरी कुणावरही खटला उभा राहिला नाही. विधिमंडळाने माफी मागितली ती २०११ मध्ये! तेव्हा जुना अन्याय ही आजच्या पोरांना सबब नव्हे. त्या अन्यायात त्यांच्या आज्याही होत्या.

१९९९ मध्ये मेरी हेप्नर आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एका वर्गात वंशाचा विषयच नव्हता, दुसऱ्यात तो उघड बोलला गेला. दुसऱ्या वर्गातले कृष्णवर्णीय विद्यार्थी अधिक मन लावून विचार करताना आढळले.

आता माझं सांगतो. वर्गात काही हरवलं की माझी नजर आधी मागच्या बाकावरच्या, वस्तीतल्या मुलांकडे जायची. 'चोरी करू नये' हे त्यांना मी कितीदा शिकवलं! तीही हाताची घडी घालून बसायची. मला वाटायचं, काय शिस्तीची पोरं!

धडा खराच होता. पण त्याआधी माझी नजर पोचलेली असायची.

असो.