आजोळची रात्र सुरक्षित कशी राखावी?

उन्हाळ्याच्या सुटीत नातवंडे आली की चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनपट्ट्यातील घरे गजबजतात. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडत असल्याने हा मुक्काम अनेकदा पहिल्या पावसापर्यंत लांबतो. याच सुमारास साप बाहेर पडू लागतात आणि डासही वाढतात.

मण्यार रात्री भक्ष्य शोधत फिरतो. त्याचा दंश फारसा दुखत नाही. खूणही पुष्कळदा दिसत नाही. जमिनीवर झोपणाऱ्यांना धोका अधिक असतो. म्हणून मुलांचे अंथरूण खाटेवर घालावे आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचाव्यात. गडचिरोलीत हिवतापाचा प्रादुर्भाव मोठा आहे व तो पसरविणारा डास रात्रीच चावतो. एकच मच्छरदाणी दोन्हींपासून रक्षण करते.

सरपण आणि धान्याची पोती निजण्याच्या जागेपासून दूर असावीत, कारण उंदरांमागे साप येतो. अंगणात व शौचालयाच्या वाटेवर दिवा लावावा. वाघ-बिबट्यांचा वावर असल्याने पहाटे वा तिन्हीसांजेला मुलांना एकटे बाहेर सोडू नये. पिकांवरील औषधे कुलपात ठेवावीत, विहिरीवर जाळी बसवावी.

रात्री मुलाचे पोट दुखू लागले, पापण्या मिटू लागल्या, तर मण्यारदंशाची शंका घ्यावी. मांत्रिकाकडे वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जखम कापू नये, आवळून बांधू नये. प्रतिविष रुग्णालयातच मिळते.

एवढी व्यवस्था झाली, की आंबा, जांभूळ, चारोळीची ओळख करून देण्यास आजी-आजोबांना दिवस मोकळा राहतो.