सुधारणांसह प्रणाली-प्रतिष्ठापना आणि देवनागरी : वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :
देवनागरीच्या यांत्रिक वापराशी वर्धा जिल्ह्याचा संबंध संगणकाच्या आगमनापूर्वीचा आहे. १९३६ साली वर्धा येथे राष्ट्रभाषा प्रचार समितीची स्थापना झाली. काका कालेलकर यांच्यासारख्या विचारवंतांनी त्या काळात लिपीसुधारणेचा पुरस्कार केला. ‘इ’, ‘उ’ यांसाठी स्वतंत्र खिळे न ठेवता ‘अ’लाच वेलांटी व उकार जोडून ‘अि’, ‘अु’ ही रूपे वर्ध्याच्या प्रकाशनांतून वापरली गेली. खिळ्यांची संख्या घटावी व छपाई सुलभ व्हावी, हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता. यंत्रासाठी लिपीला मुरड घालावी की लिपीसाठी यंत्र सज्ज करावे, हा प्रश्न यातून उभा राहिला. संगणकाच्या युगात तोच प्रश्न वेगळ्या रूपाने समोर आला. ‘विंडोज एक्सपी’ ही प्रणाली सर्व्हिस पॅक आधीच अंतर्भूत करून बसविण्याच्या पद्धतीचा या दृष्टीने येथे विचार केला आहे.

पार्श्वभूमी :
विंडोज एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये बाजारात आली. त्याच वर्षी महाराष्ट्रात एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला आणि तालुक्याच्या गावांतही संगणक-शिक्षणाची केंद्रे उभी राहिली. प्रणालीतील दोष दूर करणारे सर्व्हिस पॅक अनुक्रमे सप्टेंबर २००२, ऑगस्ट २००४ आणि मे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. हे पॅक विनामूल्य होते. तथापि ते मिळविणे विनासायास नव्हते. दुसऱ्या सर्व्हिस पॅकची संपूर्ण फाईल सुमारे २६६ मेगाबाइटची होती. ५६ केबीपीएस या डायल-अपच्या कमाल वेगाने ती उतरविण्यास सुमारे अकरा तास लागतात. प्रत्यक्षात तो वेगही क्वचितच मिळे. भारत सरकारच्या ऑक्टोबर २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान २५६ केबीपीएस ही मर्यादा निश्चित केली. त्या वेगानेही हे काम अडीच तासांचे होते.

अडचण केवळ वेळेची नव्हती. ऑगस्ट २००३ मधील ‘ब्लास्टर’ व एप्रिल २००४ अखेरचा ‘सॅसर’ हे वर्म वापरकर्त्याने काहीही न उघडता केवळ नेटवर्कमधून संगणकात शिरत. मूळ एक्सपीमध्ये फायरवॉल होती, पण ती आपोआप सुरू नसे. दुसऱ्या सर्व्हिस पॅकने ती सुरू ठेवली. परिणामी, मूळ सीडीवरून नव्याने बसविलेला संगणक सुधारणा आणण्यासाठी इंटरनेटला जोडावा, तर सुधारणा पोहोचण्यापूर्वीच त्याला लागण होण्याचा संभव असे.

पद्धती :
या पेचावर ‘स्लिपस्ट्रीमिंग’ हा उपाय होता. विंडोज एनटी ४.० मध्ये नवा घटक बसविल्यावर सर्व्हिस पॅक पुन्हा चालवावा लागे. विंडोज २००० पासून ही गरज संपली आणि सर्व्हिस पॅक मूळ प्रतीतच मिसळण्याची अधिकृत सोय झाली. मूळ सीडी हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावयाची, सर्व्हिस पॅकमधील अपडेट प्रोग्रॅम ‘इंटिग्रेट’ या आज्ञेसह त्या फोल्डरवर चालवावयाचा आणि जुन्या फाईलींच्या जागी नव्या फाईली आल्यावर बूट होणारी नवी सीडी तयार करावयाची, असा हा क्रम होता. परवाना व प्रॉडक्ट की मूळ प्रतीचीच लागे. फाईल एकदाच आणावी लागे. नंतर प्रयोगशाळेतील प्रत्येक संगणक इंटरनेटशिवाय, पहिल्या क्षणापासून सुधारित स्थितीत सुरू होई.

देवनागरीचा प्रश्न :
इंग्रजी एक्सपीमध्ये देवनागरीसाठी आवश्यक घटक सीडीवर असत, परंतु ते आपोआप बसत नसत. ‘रिजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’मध्ये जाऊन संमिश्र लिप्यांचा पर्याय निवडावा लागे व त्या वेळी मूळ सीडी पुन्हा मागितली जाई. ती सीडी हाताशी नसेल, तर जोडाक्षरे तुटत व ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे जाई. यामुळे श्री-लिपीसारख्या स्वतंत्र संकेतनाच्या फॉन्टवरील अवलंबित्व टिकून राहिले. असा मजकूर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसे.

सुधारित सीडी तयार करताना तिच्यासोबत उत्तर-फाईल जोडता येई. तीत भाषागट म्हणून भारतीय लिप्यांचा क्रमांक १५ नमूद केला, की प्रणालीबरोबरच युनिकोड देवनागरी बसत असे. १९९७ मध्ये स्थापन झालेले महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय ज्या वर्ध्यात आहे, तेथे ही बाब तांत्रिक तपशिलापुरती मर्यादित राहत नाही. लिपीला मुरड न घालता यंत्र तिच्यासाठी सज्ज करण्याचा मार्ग येथे उपलब्ध झाला होता. मात्र सीडी तयार करणाऱ्याने त्या एका ओळीची आठवण ठेवणे आवश्यक होते.

मर्यादा :
सुधारित सीडी ती तयार झाली त्या दिवसापुरतीच अद्ययावत असे. अनोळखी हातांतून आलेल्या ‘सर्वसमावेशक’ प्रतींमध्ये नेमके काय मिसळले आहे, हे कळण्यास मार्ग नव्हता. विस्टापासून प्रतिष्ठापनेची रचना बदलली व ही जुनी पद्धत त्याच स्वरूपात उपयोगी राहिली नाही. ८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीचे साहाय्य थांबले. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’चा प्रादुर्भाव झाल्यावर एक्सपीसाठी अपवादात्मक सुधारणा द्यावी लागली, ती कोणत्याही जुन्या सीडीत असणे शक्य नव्हते.

निष्कर्ष :
सुधारणा विनामूल्य असणे आणि ती सर्वांपर्यंत पोहोचणे या भिन्न गोष्टी आहेत. दोहोंमधील अंतर अपुऱ्या जोडणीच्या भागांत अधिक होते. सुधारणांसह प्रतिष्ठापनेने ते एका व्यक्तीच्या एकवेळच्या परिश्रमाने कमी केले. कोणत्या गोष्टी आधीच समाविष्ट असाव्यात, हा निर्णय मात्र यंत्राचा नव्हे, माणसाचा होता. सुरक्षितता समाविष्ट झाली आणि मराठी वगळली गेली, तर तो संगणक मराठी वापरकर्त्याच्या दृष्टीने अपूर्णच राहिला. महाविद्यालयीन संगणकीकरणाचा इतिहास लिहिताना संगणकांच्या संख्येबरोबर या निर्णयांचीही नोंद घेणे अगत्याचे आहे.