कारखान्यांच्या आधीची बाळंतपणं

पिंपरी-चिंचवड आणि चाकणचा इतिहास सहसा कारखान्यांच्या तारखांनी सांगितला जातो. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, 1962 मध्ये एमआयडीसी आली, आकुर्डी-भोसरीची शेतं शेडखाली गेली आणि नव्वदीनंतर कांद्याच्या बाजाराचं चाकण गाड्यांचं चाकण झालं. या पट्ट्यात तिशीतल्या कामगाराच्या रक्तात साखर निघणं आता नवलाचं राहिलेलं नाही. त्याचं कारण विचारलं की रात्रपाळी, तळलेलं खाणं, बसकं काम अशी यादी हाताशी असते. ही यादी खोटी नाही, पण अपुरी आहे. उरलेलं कारण कारखाना येण्याआधीच्या घरात, या कामगारांच्या आयांच्या गरोदरपणात शोधावं लागतं. हे ज्ञान पुणे जिल्ह्यातल्याच खेड्यांनी जगाला दिलं, आणि पट्ट्याच्या इतिहासात त्याला एखाद्या कारखान्याइतकी तरी जागा मिळायला हवी.

त्या ज्ञानाची पायाभरणी डॉ. बानू कोयाजींच्या काळातली. पुण्याच्या केईएम रुग्णालयाची धुरा दीर्घकाळ वाहणाऱ्या या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी चाकणच्या पूर्वेला, शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला केंद्र धरून गावातल्याच माणसांना आरोग्यसेवक म्हणून तयार केलं. 1993 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच सुमारास केईएमचेच मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा दुष्काळी, कोरडवाहू गावांत एक अभ्यास सुरू केला. लग्न झालेल्या बायकांची नोंद त्यांना दिवस जाण्याआधीपासून ठेवायची, मग गरोदरपण, बाळंतपण आणि पुढे मूल वाढताना वर्षानुवर्षं त्याचा माग घ्यायचा, अशी त्याची रीत होती. सुमारे 800 गर्भवती त्यात आल्या. घरोघरचा विश्वास आधी कमावलेला नसता, तर कुठल्याही विद्वानाला बाळंतिणीच्या खोलीत तराजू घेऊन जाता आलं नसतं. म्हणूनच या संशोधनाचं श्रेय एका नावावर संपत नाही.

हाती लागलं ते चकित करणारं होतं. आयांचं सरासरी वजन 42 किलोच्या आसपास, बाळांचं 2.7 किलो, तर इंग्लंडमधल्या साऊदॅम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. इथवर सगळं अपेक्षेप्रमाणेच होतं. पण चिमट्याने कातडीखालची चरबी मोजली तेव्हा दिसलं की आपल्या बाळाचे स्नायू आणि पोटातले अवयव फार कमी भरलेले आहेत, चरबी मात्र त्या मानाने टिकून आहे. दिसायला किरकोळ, आतून मेदाळ. याच अभ्यासात शोभा राव यांनी आयांचा आहार आणि श्रम तपासले. नुसत्या उष्मांकांचा आणि प्रथिनांचा बाळाच्या आकाराशी संबंध फारसा दिसला नाही. दूध, पालेभाज्या आणि फळं खाणाऱ्यांची बाळं मात्र मोठी होती. विहिरीवरून पाणी ओढणं आणि शेतीतली जड कामं जितकी जास्त, तितकं बाळ लहान. 2008 साली याच मुलांच्या सहाव्या वर्षीचे निष्कर्ष आले. गरोदरपणी जिच्या रक्तात बी-12 कमी आणि फोलेट जास्त होतं, तिच्या मुलात इन्सुलिनला दाद न देण्याचा कल सर्वाधिक होता. जवळपास दोन तृतीयांश आयांमध्ये बी-12 कमीच होतं.

यावर पहिला आक्षेप असा की सहा गावांवरून देशाचं निदान कसं करायचं? शिवाय निरीक्षणातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. हे खरं आहे आणि त्याचं उत्तर प्रयोगानेच द्यायला हवं. दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो: अशा संशोधनाने मुलाच्या आजाराचं खापर पुन्हा आईवर फुटतं. पण आकडे नीट वाचले तर ते नेमकं उलट सांगतात. पाण्याचा हंडा कोण वाहतं, घरातलं दूध डेअरीला जातं की सुनेच्या वाट्याला येतं, हे एकटी आई ठरवत नाही. ते घर ठरवतं, गावचा नळ ठरवतो. तिसरी शंका गोळ्यांची. फोलेट जास्त झाल्याचा उल्लेख वाचून कुणी लोह-फॉलिक अ‍ॅसिडची गोळी थांबवली तर ती घोडचूक ठरेल, कारण पंडुरोग आणि बाळाच्या मज्जारज्जूतले दोष टाळायला ती लागतेच. बोध एवढाच की तिच्या जोडीला बी-12 हवं.

2012 मध्ये याच गावांतल्या, तोवर किशोरवयीन झालेल्या मुलामुलींना बी-12 देऊन त्यांच्या पुढच्या पिढीवर होणारा परिणाम पाहण्याचा प्रयोग सुरू झाला. मुलींइतकंच मुलांनाही त्यात घेतलं, ही त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट. आपली सरकारी व्यवस्था बहुतेक वेळा बाईचं नाव गरोदर म्हणून नोंदलं गेल्यावर जागी होते, आणि तोवर बाळाच्या अवयवांची घडण बरीच पुढे गेलेली असते. चाकणच्या शेडमध्ये आज कामाला असलेल्या, गावी किंवा भाड्याच्या खोलीत संसार मांडू पाहणाऱ्या तरुण-तरुणींची तपासणी लग्नाआधी कोण करणार, हा प्रश्न कंपन्यांच्या दवाखान्यांना आणि महापालिकेला आता विचारायला हवा.