रसिक कोण? संगीत नाटक, तमाशा आणि जलसा यांच्या प्रेक्षकांचा इतिहास

मराठी संगीत रंगभूमीचा इतिहास हा जितका नटांचा आहे, तितकाच तो रसिकांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. कोणत्या पदाला किती वन्समोअर मिळाले, नाटक पहाटेपर्यंत कसे रंगले, बालगंधर्वांचा शालू पाहून घरंदाज बायकांनी लुगड्यांची निवड कशी बदलली, याच्या आठवणी चार पिढ्यांनी लिहून ठेवल्या. या आठवणींतूनच पुढे नाट्यसमीक्षा जन्माला आली. एखाद्या कलेवर जीव टाकणारा माणूस जेव्हा लेखणी हाती घेतो, तेव्हा त्याचे प्रेम हे त्या समाजाचे मूल्य ठरते. म्हणूनच एक प्रश्न विचारणे भाग आहे. ज्यांच्या हाती लेखणी नव्हती, त्यांनी जी गाणारी रंगभूमी जिवापाड जपली, तिच्या रसिकतेचा इतिहास कुठे आहे?

आधी जे आहे त्याची नोंद घेऊ. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आले. १८८२ मध्ये ‘सौभद्र’ आले. भाऊराव कोल्हटकरांच्या गळ्याने एक काळ भारावून टाकला. १९११ च्या ‘मानापमाना’ने खाडिलकरांची पदे आणि गोविंदराव टेंब्यांच्या चाली घरोघरी नेल्या. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले ‘संयुक्त मानापमाना’त एकत्र उभे राहिले. या रंगभूमीचे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. सुराला कोणी जात चिकटवू नये. पण सूर ऐकणाऱ्याला, त्याची दाद मोजणाऱ्याला आणि ती छापणाऱ्याला जात असते, हे मात्र विसरता येत नाही.

आता दुसरी बाजू पाहू. सांगली जिल्ह्यातील सावळजच्या उमा सावळजकर यांचा ‘मोहना-बटाव’ हा तमाशातील पहिला वग मानला जातो. त्याचा काळ १८६५ च्या सुमाराचा. म्हणजे ‘शाकुंतला’च्या आधी सुमारे पंधरा वर्षे, गाणे आणि संवाद यांच्यातून एक सलग कथा रंगमंचावर उभी करण्याचे काम मांग जातीतल्या एका कलावंताने केलेले होते. संगीत नाटकाचा उगम सांगताना संस्कृत नाटक, कीर्तन, पारशी रंगभूमी अशी वंशावळ सांगितली जाते. तमाशाचा उल्लेख आलाच तर तो उकिरड्यावरून जाताना नाकाला लावलेल्या रुमालासारखा येतो. साकी-दिंडीच्या शेजारी लावणीच्या वळणाच्या चालीही या नाटकांत वावरत होत्या. ‘मानापमाना’त ठुमरी-कजरीच्या पूरब ढंगाचा वापर झाला. ज्या चिजा कोठ्यावर बाई गायली तेव्हा त्या बाजारी होत्या, त्याच पुरुष नटाच्या तोंडून नाट्यगृहात आल्या तेव्हा त्या घरंदाज झाल्या. चाल तीच, ऐकणारा बदलला. प्रतिष्ठा सुरांत नव्हती, ती प्रेक्षकांच्या पागोट्यांत होती.

तमाशाच्या प्रेक्षकाला काही कळत नव्हते काय? कलगी आणि तुरा या दोन पक्षांचे फड समोरासमोर उभे राहत. एका शाहिराने कूट घालायचे, दुसऱ्याने ते सोडवायचे. रात्र रात्र चालणाऱ्या या सवालजवाबांत कोण हरले आणि कोण जिंकले याचा निवाडा समोर मातीत बसलेली माणसे करीत. अक्षरओळख नसलेल्या माणसाला पुराणातले दाखले ठाऊक असत, कडव्यातली मात्रा चुकली तर ती त्याच्या कानाला टोचे, ढोलकीवाल्याचा हात ढिला पडला की तो आरोळी ठोकी. सोंगाड्याच्या बतावणीत पाटलाची आणि सावकाराची टर उडाली की हसू कुठून सुरू होते आणि कुठे दबते, यावरून गावाचे सारे राजकारण वाचता आले असते. ही समीक्षाच होती. ती फक्त कागदावर उतरली नाही.

ती का उतरली नाही, याचे उत्तर भाषेतच सापडते. नाट्यगृहात बसलेला तो ‘रसिक’; तमाशाच्या कनातीत बसलेला तो ‘आंबटशौकीन’. तिथे दाद दिली तर ‘वन्समोअर’. इथे दिली तर ‘धिंगाणा’. नट प्रेक्षकाला ‘मायबाप’ म्हणाला तर तो विनय. फडातली बाई म्हणाली तर ती लाचारी. एकाच भावनेला दोन शब्द लावणे ही आपल्या समाजव्यवस्थेची जुनी सवय आहे.

परंतु इथे थांबून तमाशाचा जयजयकार करणे आपल्याला परवडणारे नाही. आपल्या चळवळीत पिढ्यान्पिढ्या एक हकीकत सांगितली जाते. पठ्ठे बापूरावांनी महाडच्या सत्याग्रहासाठी आपल्या खेळांचे उत्पन्न देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले. महारांच्या बायका नाचवून मिळवलेला पैसा मला नको, असा त्या नकाराचा आशय होता. पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, रेठरे हरणाक्षचे ब्राह्मण. जातीने वाळीत टाकले तरी त्यांनी फड सोडला नाही. १९४५ मध्ये हलाखीतच त्यांचा अंत झाला. त्यांच्या त्यागाच्या कथा रसिकांनी आवडीने सांगितल्या, त्यांच्या नावाचा चित्रपटही निघाला. पण ज्या पवळेच्या गळ्याने आणि पायांनी त्यांच्या लावण्या महाराष्ट्रभर नेल्या, त्या हिवरगावच्या महार स्त्रीने काय सोडले, काय सोसले, हे कुणी विचारले? ब्राह्मणाने जात सोडली तर तो त्याग; महार बाई फडात उभी राहिली तर तो तिचा धंदा. बाबासाहेबांचा नकार लावणीच्या चालीला नव्हता. तो या हिशेबाला होता.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांची कथा आजही रंगवून सांगितली जाते. खेळ चालू असताना त्या रंगमंचामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येते, कलानिष्ठेचे गोडवे गायले जातात. पण ओल्या बाळंतिणीला पुन्हा नाचायला उभे राहावे लागते, ते कोणाच्या रसिकतेखातर? २००२ मध्ये विठाबाई गेल्या. राष्ट्रपतींच्या हस्ते मिळालेले मानचिन्ह जवळ असूनही अखेरच्या दिवसांत पैशाची ददात होती. मागाहून सरकारने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. जिवंतपणी दौलतजादा आणि मेल्यावर पुरस्कार, या दोहोंच्या मधला मान द्यायला प्रस्थापित रसिकतेला कधी सवड झाली नाही.

या कोंडीतून वाट काढली ती जलशाने. जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्येच ‘तृतीय रत्न’ लिहून नाटक हे प्रबोधनाचे हत्यार आहे हे ओळखले होते. सत्यशोधक जलशांनी तमाशाचाच घाट घेतला आणि त्यातल्या गणाला नवा अर्थ दिला: गणपती म्हणजे गणांचा, लोकांचा पुढारी. पुढे आंबेडकरी जलसे आले. भीमराव कर्डक आणि त्यांच्या नाशिककडील साथीदारांनी १९३० नंतरच्या काळात गावोगाव जलसे केले. ढोलकी तीच, तुणतुणे तेच, झीलकऱ्यांचा ‘जी जी’ तोच. पण बाईचा नाच गेला आणि गवळणीची थट्टाही गेली. त्या जागी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, येसकरकी सोडा, पोरांना शाळेत घाला, हा सवाल आणि जवाब आला. आपल्या सभांपेक्षा जलशाचे काम मोठे आहे, असे बाबासाहेब मानीत, अशी आठवण जुने कार्यकर्ते सांगत आले.

जलशाने नवे गाणे दिले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्याने नवा प्रेक्षक घडविला. संगीत नाटकाचा रसिक खेळ संपल्यावर पद गुणगुणत घरी जात असे. तमाशाचा प्रेक्षक रात्रीची नशा डोळ्यांत घेऊन सकाळी पुन्हा पाटलाच्या दारात उभा राहत असे. जलसा ऐकलेला माणूस मात्र सकाळी त्या दारात जायचे की नाही, याचा विचार करू लागला. त्याची दाद टाळीत नव्हती, ती त्याच्या वागण्यात होती. सौंदर्यशास्त्राच्या ग्रंथांत अशा दादेला जागा नसेल, तर उणेपण त्या ग्रंथांचे आहे.

पुढची वाटचालही याच प्रश्नाभोवती फिरते. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णाभाऊंनी गणातल्या देवाच्या जागी मायभूमीला आणि श्रमणाऱ्या माणसाला वंदन केले. नंतर तमाशाचा घाट मध्यमवर्गीय रंगमंचावर चढला. १९६५ चे ‘विच्छा माझी पुरी करा’ आणि १९७२ चे ‘घाशीराम कोतवाल’ यांवर परीक्षणांचा पाऊस पडला. ती नाटके गुणी होती, यात वाद नाही. पण लोककलेचा घाट नाट्यगृहात आला की त्याचे परीक्षण होते आणि कनातीत किंवा वस्तीत असला की होत नाही, हे कोडे नव्हे. ही व्यवस्था आहे.

वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले. शाहीर विठ्ठल उमप २०१० मध्ये नागपूरला दीक्षाभूमीवर कार्यक्रमातच कोसळले आणि गेले. त्यांच्या ‘जांभूळ आख्याना’त एकटा माणूस किती पात्रे आणि किती सूर जिवंत करी, हे पाहिलेली माणसे आज हयात आहेत. २०१२ मध्ये ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ आले आणि शाहिरी परंपरा नाट्यगृहात ताठ मानेने उभी राहिली.

म्हणून आता काम आहे ते आपल्या रसिकतेची नोंद करण्याचे. भीमराव कर्डकांना आंबेडकरी जलशांचा इतिहास स्वतःच लिहावा लागला; तो १९७८ मध्ये आला. कलावंतानेच आपली कला आणि आपली समीक्षा दोन्ही सांभाळायची, ही पाळी पुन्हा येता कामा नये. वस्तीवस्तीत जलसा ऐकलेली शेवटची पिढी मावळते आहे. कोणत्या कडव्याला बाया रडल्या, कोणत्या जवाबानंतर कुणी येसकरकीची काठी टाकली, कोणत्या गावात जलसा उधळला गेला, हे त्यांच्याकडून लिहून घ्यायला हवे. आणि आपल्या गायकांचेही निर्भीडपणे परीक्षण करायला हवे. डीजेच्या गोंगाटात शब्द हरवत असतील तर तसे म्हणायला हवे. बाबासाहेबांच्या नावाखाली पोकळ गाणे आले तर त्याला नकार द्यायला हवा. बाबासाहेबांनी देऊ केलेला पैसा नाकारून आपल्याला पहिला समीक्षेचा धडा दिला आहे: गाणे कसे आहे हे विचाराच, पण ते कुणाच्या घामावर आणि कुणाच्या अब्रूवर उभे आहे, हेही विचारा. हा दुसरा प्रश्न जो विचारतो, तोच आमच्या लेखी रसिक.