कराचीच्या वाटेवरचा दोर

शस्त्राचे नाव इतिहासात राहते, ते वाहून आणणाऱ्या हातांचे राहत नाही, ही आमची जुनी तक्रार. रशियन क्षेपणास्त्रांच्या बाबतीतही ती आम्हांस मागे घ्यावीशी वाटत नाही.

ऑक्टोबर १९६७ मध्ये पोर्ट सैदजवळ इजिप्तच्या चिमुकल्या नौकांनी इस्रायलची ‘एलात’ ही विनाशिका बुडविली. वापरले ते रशियाचे पी-१५ क्षेपणास्त्र. वजन दोन टनांहून अधिक, पल्ला सुमारे ४० किलोमीटर. सुटल्यावर काही अंतर ते नेमून दिलेल्या दिशेने जाते. मग त्याच्या नाकातले रडार जागे होऊन समोरचे जहाज स्वतःच हुडकते. तोफेचा गोळा सुटला की आंधळा. हे सुटल्यावरही पाहत असते.

आपल्या आरमाराने अशा आठ नौका रशियाकडून घेतल्या, प्रत्येकीवर चार क्षेपणास्त्रे. आपले खलाशी व्लादिवोस्तोकला जाऊन रशियन भाषेसकट त्यांचे तंत्र शिकले. १९७१ च्या आरंभी नौका आल्या, त्या मुंबईस नव्हे, कलकत्त्यास! एवढे धूड उचलील अशी क्रेन मुंबईत नव्हती. मग कलकत्त्याहून दोर बांधून, साऱ्या द्वीपकल्पाला वळसा घालून, त्या मुंबईस ओढीत आणल्या.

श्रोतेहो, या प्रकरणातले मर्म आम्हांस येथेच दिसते. या नौका किनारा राखण्यासाठी बांधलेल्या. लांबच्या मजलेचे तेल त्यांच्या पोटात मावत नसे. पण ओढीत आणता येते, तर ओढीत नेताही येईल, हा विचार मग दूर नव्हता. गिरणीत बॉयलर चढविताना दोरावर जमलेले हात ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे सांगणे नको. ओढण्याचे सराव झाले. तेलासाठी ‘पोषक’ हे टँकर जहाज मोहिमेत घेतले.

४ डिसेंबर १९७१ च्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ व ‘वीर’ या तीन नौका बब्रुभान यादव यांच्या नेतृत्वाखाली कराचीवर चालून गेल्या. ‘निर्घात’ने ‘खैबर’ ही विनाशिका बुडविली. आकाशातून येणारा उजेड पाहून ‘खैबर’वरच्यांना ते विमान वाटले; त्यांनी विमानविरोधी तोफा डागल्या. तिच्यावरचे २२२ जण गेले. ‘वीर’ने ‘मुहाफिज’ ही सुरुंगनाशक नौका बुडविली. आपली एकही नौका गेली नाही. ४ डिसेंबर हा आपला नौदल दिन होय.

चार दिवसांनी ‘विनाश’ने पुन्हा चार क्षेपणास्त्रे सोडली. किमारीच्या तेलटाक्या पेटल्या. त्याचबरोबर बंदराबाहेर नांगरलेली ‘गल्फ स्टार’ व ‘हरमॅटन’ ही परदेशी व्यापारी जहाजेही सापडली. एक पनामाचे, दुसरे ब्रिटिश. दोन देशांच्या तंट्याशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता असे पगारी खलाशी त्यांत मेले. नाकातल्या रडारला जहाजाचा आकार कळतो, निशाण वाचता येत नाही. नौदल दिनाच्या भाषणांत या खलाश्यांचा उल्लेख आम्ही अद्याप ऐकलेला नाही.