रडतोंडीपासून आंबेनळीपर्यंत

पुणें-सातारा महामार्ग सुरूरच्या फाट्यावर सोडून पश्चिमेस वळलें म्हणजे जो रस्ता लागतो, तो वाई, पांचगणी व महाबळेश्वर हीं गांवें घेत आंबेनळीच्या घाटानें पोलादपुरास उतरतो आणि मुंबई-गोवा रस्त्यास मिळतो. उन्हाळ्याच्या सुटींत या वाटेनें हजारों कुटुंबें जातात. हा रस्ता इंग्रजांनीं थंड हवेसाठीं बांधला, अशी बहुतेकांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. देशावरून कोंकणांत उतरण्याची ही वाट इंग्रजांच्या किती तरी पूर्वींची. इंग्रजी अमदानींत ती गडाच्या एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर सरकली, इतकेंच. पण या सरकण्यानें एक नांदती पेठ उठली, आणि तिच्याविषयींच मला आज विशेष बोलावयाचें आहे.

जुनी वाट अशी होती. महाबळेश्वराच्या पठारावरून, आज ज्यास मुंबई पॉइंट म्हणतात त्याच्या खालून, ती कोयनेच्या खोऱ्यांत उतरे. हा उतार इतका अवघड कीं लोकांनीं त्यास रडतोंडीचा घाट असें नांव दिलें. चढणाराचें तोंड रडवेलें होई, हाच त्याचा अर्थ. साहेबाच्या जिभेवर त्याचें 'रोटंडा' झालें आणि एखाद्या घुमटाच्या इमारतीचें असावें असें तें भारदस्त नांव नकाशांत जाऊन बसलें! खोऱ्यांत प्रतापगडाच्या दक्षिणेस पार हें गांव आणि त्याची बाजारपेठ पेठपार. तेथून दुसरी डोंगररांग ओलांडून पारघाटानें कोंकणांत उतरावयाचें. कोंकणांतून मीठ वर येई, देशावरचें धान्य खालीं जाई, आणि बैलांचे तांडे पारास विसांवा घेत. वाटेवर जागोजाग चौक्या होत्या. त्या जकातहि घेत आणि वाट राखीतहि असत.

या मुलखाची किल्ली जावळीकडे होती. शिवाजीमहाराजांनीं १६५६ सालीं ती मोऱ्यांकडून घेतली व लगेच पारघाटावर नजर ठेवणारा प्रतापगड मोरोपंत पिंगळ्यांकडून बांधविला. पुढें १६५९ सालीं अफजलखान वाईस येऊन राहिला. वाई प्रांताची सुभेदारी त्याजकडे पूर्वीं होती, तेव्हां मुलूख त्यास अनोळखी नव्हता. शाळेच्या पुस्तकांत यापुढें एकदम भेटीचा शामियाना येतो; वाईहून पारापर्यंत एवढी फौज आली कशी, हें कोणी सांगत नाहीं. मुलांस हा धडा शिकवितांना मी आधीं फळ्यावर डोंगर काढीत असें. महाराजांनीं खानाच्या येण्याच्या वाटेवरील रान तोडवून ती मोकळी करविली, आणि इतर वाटा झाडें आडवीं टाकून बुजविल्या. पाहुण्याची सोय म्हणून केलेला रस्ता हाच सांपळा होता. रडतोंडीनें उतरलेल्या फौजेला माघारीं चढावयास तीच रडतोंडी उरली. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं गडाच्या पायथ्याशीं खान पडला, आणि कोयनाकांठच्या त्याच्या छावणीवर मावळे चोहोंकडून तुटून पडले. त्या दिवसाच्या यशांत वाघनखांइतकाच या वाटेचा वांटा आहे, असें माझें मत आहे.

इंग्रजांचें लक्ष येथें वळलें तें पेशवाई बुडाल्यावर. १८२४ सालीं जनरल लॉडविक महाबळेश्वरच्या पठारावर चढून गेला. सातारचा रेसिडेंट कर्नल ब्रिग्ज याच्या आग्रहावरून छत्रपति प्रतापसिंहमहाराजांनीं साताऱ्याहून वर रस्ता करून दिला. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम यानें वाईजवळचें खंडाळें महाराजांस देऊन त्याच्या बदल्यांत ही जागा घेतली आणि माल्कमपेठ वसविली. मुंबईचे साहेबलोक त्या काळीं गलबतानें बाणकोटास येत, सावित्रीच्या खाडींतून महाडच्या बाजूस जात, व तेथून पालखींत बसून पारघाट चढत. पालखी वाहणाऱ्या भोयांचीं नांवें कोणी लिहून ठेवलीं नाहींत. महाबळेश्वरीं चिनी व मलायी कैद्यांसाठीं एक तुरुंगहि होता. या परक्या माणसांनीं तेथें बटाटे व भाजीपाला पिकविला, आणि गांवांतले बरेचसे रस्ते त्यांच्याच हातचे. हा तुरुंग १८६४ सालीं बंद झाला.

तोंवर काळ पालटला होता. १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी सलग धांवूं लागली आणि मुंबईचा प्रवासी पुणें-वाईवरून पसरणीचा घाट चढूं लागला. त्या वाटेवर दांडेघर, गोडवली, अंब्रळ, खिंगर आणि ताईघाट या पांच गांवांच्या मधल्या माळावर जॉन चेसन नांवाच्या इंग्रजानें पांचगणी वसविली. रस्त्याच्या दुतर्फा दिसणारे सिल्व्हर ओक त्याच्याच उद्योगाची आठवण देतात. पुढें तेथें निवासी शाळा निघाल्या, आणि १९१२ सालीं डॉक्टर बिलिमोरिया यांनीं क्षयरोग्यांसाठीं आरोग्यधाम काढलें.

पाराचें दैव मात्र फिरलें. १८६४ सालीं दक्षिणेस कुंभार्लीचा गाडीरस्ता झाला व पारघाटाचा बराच माल तिकडे वळला. १८७६ सालीं प्रतापगडाच्या उत्तरेकडून वळणें घेत उतरणारा नवा घाट खुला झाला. १८६७ ते १८७२ या काळांत गव्हर्नर असलेल्या सर सिमोर फिट्झजेराल्डचें नांव त्यास दिलें. लोकांनीं तें फारसें तोंडीं घेतलें नाहीं. ते आंबेनळीच म्हणत राहिले. नव्या वाटेनें गाडी जाऊं लागली, आणि जेथें गाडी जाते तेथें तांडा थांबत नाहीं. पारास कोणी जाळलें नाहीं, लुटलें नाहीं. गडाची दुसरी बाजू सोयीची ठरली, एवढ्यानें पेठ ओस पडली.

नवा घाट सोयीचा खरा, पण निर्धास्त नव्हे. २८ जुलै २०१८ रोजीं दापोलीच्या कृषि विद्यापीठांतील कर्मचाऱ्यांची बस आंबेनळींत दरींत कोसळली. तींतून एकच जण वांचला. २०२१ च्या जुलैंत महाबळेश्वरीं एका दिवसांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां या घाटाचा रस्ता ठिकठिकाणीं खचला आणि वाहतूक बरेच दिवस बंद राहिली. इतक्या पावसाच्या मुलखांत रस्ता एकदां बांधून भागत नाहीं, तो दर वर्षीं राखावा लागतो.

प्रतापगड पाहावयास जाल तेव्हां वाड्याहून खालीं पारासहि उतरा. रामवरदायिनीचें देऊळ तेथें आहे, आणि जवळच कोयनेवर शिवकालीन मानला जाणारा दगडी कमानींचा पूल आहे. पूर आला म्हणजे पाणी त्या कमानींखालून गर्जत जातें. पूल उभा आहे.