वेठीवर जाणाऱ्या बाहुल्या

प्राचीन इजिप्तच्या परलोकात शेती होती. मृतांचा देव ओसायरिस याच्या राज्यातल्या त्या भूमीला 'लव्हाळ्यांचे शेत' म्हणत. तिथे कालवे वाहत, फळझाडे लगडलेली असत आणि सातू पाच हात वाढे. दैर अल-मदीना या थडगी खोदणाऱ्या कारागिरांच्या गावात सेन्नेजेम नावाच्या कारागिराचे थडगे आहे, इसवी सनापूर्वी तेराव्या शतकातले. त्याच्या भिंतीवर हे शेत रंगवले आहे. सेन्नेजेम नांगर धरून चालतो आहे आणि बायको इनेफेर्ती मागून बी टाकते आहे. दोघांच्या अंगावर सणासुदीचे पांढरेशुभ्र तागाचे कपडे असून त्यांवर चिखलाचा एक शिंतोडाही नाही.

चित्रात घाम नसला तरी इजिप्तच्या माणसाला शेतीची पुरती ओळख होती. नाईलचा पूर ओसरला की बांध घालायचे, कालव्यांतला गाळ उपसायचा. यासाठी राज्याचे अधिकारी गावोगावची माणसे वेठीला धरत. काही देवळांच्या चाकरांना राजाच्या हुकमाने माफी मिळे, बाकीच्यांची सुटका नसे. ओसायरिस हाही राजाच. तेव्हा त्याच्या राज्यात वेठ असणारच, हे ओघाने आले. तिथे आपल्या नावाचा पुकारा झाला तर जायचे कोणी? या प्रश्नाचे उत्तर म्हणजे उशब्ती, थडग्यात ठेवायची बाहुली.

उशब्ती साधारण वीतभर उंचीची, ममीसारखी गुंडाळलेली असते. इजिप्तच्या इतिहासात 'नवे राज्य' म्हणतात त्या काळापासून तिच्या छातीवर दुमडलेल्या हातांत कुदळी आणि पाठीवर टोपली दिसते. अंगावर 'मृतांच्या ग्रंथा'तला सहावा मंत्र कोरलेला असतो. मालकाला शेत कसायला, काठांना पाणी द्यायला किंवा वाळू वाहायला बोलावले, तर त्याच्याऐवजी बाहुलीने ओ द्यावी, असा त्याचा आशय आहे. 'उशब्ती' हे नावही 'उत्तर देणे' या अर्थाच्या धातूशी जोडले जाते.

पहिल्या राजवंशातील जेर या राजाच्या अबायडॉस येथील थडग्याभोवती तीनशेहून अधिक सेवकांच्या कबरी आहेत. त्यावरून, जिवंत माणसे पुरण्याऐवजी पुढे बाहुल्या आल्या, असे पुष्कळदा सांगितले जाते. गोष्ट रंगतदार आहे, पण काळाचा हिशेब जुळत नाही. सेवक पुरण्याची चाल लवकरच बंद पडली आणि उशब्ती आली ती सुमारे आठशे वर्षांनी, इसवी सनापूर्वी २१००च्या सुमारास. सुरुवातीच्या बाहुल्या मेणाच्या किंवा मातीच्या असत. तागात गुंडाळून, इवल्याशा शवपेटीत घालून त्या ठेवत. तेव्हा ती चाकर नव्हती. मृताचीच प्रतिकृती, त्याची बदली होती.

पुढे एका बाहुलीवर भागेना. नव्या राज्यात संख्या वाढत गेली आणि अखेर चक्क हजेरीपट तयार झाला: वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक याप्रमाणे ३६५ मजूर आणि दर दहांमागे एक मुकादम असे ३६, मिळून ४०१. मुकादमाच्या हातात चाबूक. १९२२मध्ये सापडलेल्या तुतनखामुनच्या थडग्यात ४१३ बाहुल्या निघाल्या, कारण तिथे दर महिन्याचा एक असे आणखी १२ अधिकारी होते. पहिल्या सेतीच्या थडग्यात तर सातशेहून अधिक होत्या. कामचुकारांवर देखरेख परलोकातही लागते, ही समज त्या अधिकाऱ्यांच्या देशाला शोभणारीच.

इतक्या बाहुल्या दगडात कोरणे बहुतेकांना परवडणारे नव्हते. गारगोटीचा चुरा, थोडा चुना आणि खार कालवून केलेला लगदा साच्यात दाबत. तो भाजला की खार पृष्ठभागावर येऊन काचेसारखी झिलई धरे आणि तांब्यामुळे तिला निळाहिरवा रंग येई. या पदार्थाला फेयान्स म्हणतात.

बाहुल्या विकत घेताना व्यवहार चोख ठेवावा लागे. ब्रिटिश म्युझियममधल्या एका पपायरसवर आमोनच्या देवळातल्या ताईत घडवणाऱ्या कारागिराने ४०१ बाहुल्यांचे मोल चांदीत मिळाल्याचे लिहून दिले आहे. ही साधी पावती नव्हे. दाम चुकते झाले आहे, आता धन्याच्या कामाला जा, असे त्याने बाहुल्यांनाही बजावले आहे. मजुरी थकली तर बाहुलीही ओ देणार नाही, अशी धास्ती त्यामागे दिसते.

नुबियाचा राजा तहार्का याचा ताफा तर आणखी मोठा. आजच्या सुदानमधील नुरी येथे इसवी सनापूर्वी ६६४च्या सुमारास त्याला पुरले, तेव्हा सोबत हजाराहून अधिक दगडी बाहुल्या होत्या. पुढे टॉलेमी राजांच्या काळात ही प्रथा मावळली. जिवंत माणसांची वेठ मात्र टिकली. १८५९मध्ये सुएझ कालव्याचे काम सुरू झाले, तेव्हा पहिल्या काही वर्षांत तो खोदणारे इजिप्तचे शेतकरी वेठीवरच आणलेले होते.